बांधावरची रेंज

आमच्या गाडीत गॅसची शेगडी आहे, घडीचा पलंग आहे, पाण्याची टाकी आहे, गुडघे पोटाशी न घेता बसता येईल असा संडास आहे आणि छोटा देव्हाराही आहे. फक्त नेट नव्हतं. एवढी एक त्रुटी दूर करायला मी निघालो आणि पुढे जे काही झालं त्याला जबाबदार कोण, याची चौकशी अजून चालू आहे. चौकशी अधिकारी आमची बायको आहे, त्यामुळे निकाल काय लागणार ते मला आत्ताच माहीत आहे.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो, हा ट्रॅव्हलर घेतला, त्याच्या पोटात घर बसवून घेतलं, जालन्यातला फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिला आणि गाडीच्या आतल्या भिंतीवर भारताचा नकाशा चिकटवला. नकाशावर जालना ते कन्याकुमारी अशी लाल पेनाने रेघ ओढली. रेघ ओढायला डिझेल लागत नाही.

शरयूची एकच अट होती. ती मस्कत-दुबईकडच्या मराठी मुलांना लॅपटॉपवरून मराठी शिकवते. लग्नानंतर तिने शिक्षिकेची नोकरी सोडली ती सोडलीच. आता केस पांढरे झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेने तिला घेतलं होतं, तेही तात्पुरतं. येत्या शनिवारी सकाळी संस्थेच्या यशश्री मॅडम तिच्या तासाला बसून तिचं शिकवणं बघणार होत्या. तास नीट झाला तर शरयू कायम. मध्येच चित्र गोठलं, आवाज तुटला, तर धन्यवाद, नमस्कार.

"अहो, मला ही नोकरी पाहिजे," ती म्हणाली. 'मला पाहिजे' हे शब्द तिच्या तोंडून मी साडीच्या दुकानातसुद्धा फारसे ऐकलेले नाहीत, म्हणून मी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "नेट बराबर राहिलं तर तुम्ही म्हणाल तिकडं येईन. पण शनिवारचा तास तुटला, तर ही गाडी अवधूतला देऊन टाकायची आणि आपण जालन्यात खोली बघायची."

अवधूत म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचा शिर्डी-वेरूळ सहलींचा धंदा आहे आणि आमच्या गाडीकडे तो पाहुणे जसे लग्नाच्या मुलीकडे बघतात तसा बघतो. रोज सकाळी त्याचा फोन. "दाजी, कशाला जिवाला त्रास करून घेता? गाडी आणा की आमच्या दारात. वायफाय भिंतीतून बाहेर येऊन राह्यलंय." मेव्हण्याच्या वायफायवर संसार करायचा म्हणजे घरजावयाच्याही खालची पायरी झाली. मी ठरवलं, नेट आपलं स्वतःचं आणायचं, तेही आपल्या पेन्शनीला झेपेल असं.

पहिला प्रयोग साधा होता. माझ्या मोबाईलचं नेट शरयूच्या लॅपटॉपला जोडायचं. पण रोजचा जो डेटा मिळतो तो आमच्याकडे सकाळचा चहा उकळेपर्यंत संपायचा. शरयू म्हणायची, "मी तर अजून लॅपटॉप उघडला पण नाही." मी म्हणायचो, हल्ली वस्तूंमध्ये दम राहिलेला नाही. नेट किती वेगाने येतंय हे मी एका ॲपवर दर थोड्या वेळाने मोजत होतो. मोजमाप हातात असल्याशिवाय तक्रार करायची नाही, ही खात्यातली शिस्त माझ्या अंगात मुरलेली आहे.

मग भोकरदनला एका दुकानात गेलो. घरात बसवायच्या बिनतारी नेटचं तिथे बुकिंग होत होतं. एक डबी असते, ती खिडकीत ठेवायची, वायर-बियर काही नाही, आणि डेटा म्हणे संपता संपत नाही. काउंटरवर शीतल नावाची मुलगी होती. फार अदबशीर.

"सर, घराचा पत्ता सांगा."

"एमएच एकवीस," मी सुरुवात केली.

"सर, हा गाडीचा नंबर झाला. घराचा सांगा."

"तोच घराचा आहे."

तिने तो रकाना रिकामा सोडला. "सर, जवळची खूण?"

"आज पेट्रोल पंप. उद्याचं उद्या सांगता येईल."

तिने बिचारीने खरंच पंप टाकून बघितला. मग म्हणाली, "सर, सिस्टिम घेत नाही." मी उभ्या आयुष्यात वादविवाद खूप केले, पण सिस्टिमशी नाही. शेवटी आधार कार्डावरचा पत्ता टाकला, सिस्टिमने तो गपकन घेतला, आणि मी विजयी मुद्रेने बाहेर आलो. शरयूला सांगितलं, झालं काम.

दोन दिवसांनी जालन्याहून आमच्या भाडेकरूचा फोन आला. "काका, तुमचे आभार कसे मानू? आज माणसं येऊन नेट बसवून गेली. फार जोरात चाललंय. असा घरमालक आम्ही बघितला नाही." उदारपणाचा आळ अंगावर आला की तो झटकताही येत नाही. तरी मी जालन्याला गेलो, फ्लॅटमधून ती डबी काढून आणली, भाडेकरूच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू तिचा गॅस सिलिंडर उचलून नेतोय. डबी गाडीत लावली. तिच्यावर लाल दिवा लागला तो लागलाच. शीतलला विचारलं तर म्हणाली, "सर, ती त्या घराशीच बांधलेली असते. जागा सोडली की बंद." आमच्या पिढीतल्या बायकांवर सासरच्यांनी हाच नियम लावला होता, असं शरयू म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तोवर बुधवार उजाडला होता. भोकरदनच्या पेट्रोल पंपावर आमची गाडी उभी राहायची, त्यामुळे हवा भरायला येणारा प्रत्येक माणूस सल्ला भरून जायचा. एकाने सांगितलं, दोन कंपन्यांची दोन सिम घाला, एक मेलं की दुसरं. हे मला पटलं. दोन सिम चालतील असं एक यंत्र घेतलं. त्यातल्या त्यात स्वस्त पडलं. दुसऱ्या सिमसाठी अंगठ्याचा ठसा लागला. माझा अंगठा मशीन ओळखेना. तीस वर्षं फाइली उलटून रेषा गेल्या असतील. मग चेहरा दाखवा म्हणाले. मोबाईलसमोर डोळे मिचकावा, मान हलवा, हसा. भर बाजारात एक अनोळखी पोरगा मला "हसा काका, अजून थोडं हसा" म्हणत होता आणि समोरच्या टपरीवरची माणसं चहा विसरून बघत होती. हसायला येण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती. पण सिम चालू झालं.

"आता फक्त अँटिना उंच पाहिजे," असं राधेश्याम म्हणाला. राधेश्यामचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि जगातली कुठलीही अडचण पाइप जोडून सुटते असं त्याचं ठाम मत आहे. "सायेब, जितकं उंच तितकी रेंज. सरळ हिशोब हाय. तुमी बिलकुल काळजी करू नका." त्याने बोअरचा लोखंडी पाइप आणला, टपावर वेल्ड केला, त्याच्या टोकाला अँटिना बसवला आणि वर हौसेने एक लाल दिवा लावला. दिवा कशाला, असं मी विचारलं. "विमानाला दिसावा म्हणून," तो म्हणाला. जालना जिल्ह्यात इतक्या खालून जाणारं विमान मी तरी बघितलेलं नाही. पाइप आडवा करायची सोय मात्र त्याने ठेवली नाही, कारण मी ती सांगितली नव्हती.

गुरुवारी गाडी काढली आणि बसस्टँडजवळ रस्त्यावर आडवा बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स आमच्या पाइपात अडकला. मला काही कळलंच नाही. शरयू म्हणाली, "अहो, काचेवर कोणीतरी आलंय." बघतो तर समोरच्या काचेवर एक गॉगल घातलेला चेहरा आणि 'भावी नगरसेवक' ही अक्षरं. रस्ता दिसेना म्हणून ब्रेक दाबला. तेवढ्यात त्या भावीचे सध्याचे कार्यकर्ते धावत आले.

"काका, दादांचा फ्लेक्स फाडला तुमी. तेबी वाढदिवसाच्या दिवशी."

मी माफी मागितली. ती चालली नाही. शेवटी असं ठरलं की मी गाडीसमोर उभं राहून दादांना शुभेच्छा द्यायच्या, त्यांनी त्याचा व्हिडिओ करायचा, आणि तो सगळीकडे टाकायचा. मी खात्यात असताना मंत्र्यांसाठीसुद्धा हार धरून उभा राहिलेलो नाही. इथे "दादांच्या नेतृत्वाखाली भोकरदनचा विकास होवो" असं हात जोडून तीनदा म्हणालो, कारण पहिल्या दोन वेळा मागून म्हैस गेली. मग त्यांच्या म्होरक्याचा डेटा संपलेला निघाला. "काका, तुमचं वायफाय हाय वाटतं," तो टपाकडे बघत म्हणाला. दादांचा व्हिडिओ आमच्या यंत्रावरून वर चढला आणि आमच्या दोन्ही सिमचा त्या दिवसाचा डेटा घेऊन गेला.

त्या दिवशी शरयूने लॅपटॉप मिटला, शनिवारच्या धड्याची चित्रं पुन्हा नीट लावली आणि भाजी चिरायला घेतली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. अवधूतचा फोन आला तो मी घेतला नाही. मी मनाशी म्हणालो, केशवराव, आता मागे फिरायचं नाही. या जिल्ह्यात कुठेतरी रेंज आहे, आणि ती शोधायला गाडीला चाकं आहेत.

शुक्रवारी आम्ही राजूरच्या दिशेने निघालो. शरयू मोबाईल धरून बसली होती आणि मी हळूहळू गाडी चालवत होतो. "एक काडी. एक. दोन. गेली. परत एक." राजूरच्या अलीकडे एका गाडीवाटेच्या तोंडाशी ती एकदम ओरडली, "थांबा, सगळ्या काड्या आल्या." मी वळवली गाडी. दोन कपाशीच्या वावरांमध्ये बांध होता आणि बांधाशी थोडी पडीक जागा होती. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. पुढची चाकं बांधावरून पलीकडे उतरली आणि तिथल्या काळ्या मातीत बसली. मागची अलीकडेच राहिली. काळी माती ओली असली की धरलेलं सोडत नाही. पुढे जाईना, मागे येईना. पण काड्या पूर्ण होत्या. ॲपवर मोजलं, उत्तम. पुन्हा मोजलं, उत्तम.

"कोण हाय?" कपाशीतून एक माणूस आला. डोक्याला उपरणं, हातात विळा. त्याने गाडी बघितली, वर पाइप बघितला, पाइपावरचा लाल दिवा बघितला, आणि विळा कमरेमागे लपवला. "राम राम सायेब. टॉवरवाले का?"

हे रामराव. पुढची चाकं ज्या वावरात होती ते त्यांचं. आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. तो सबंध आठवडा मला सिस्टिमने नाकारलं होतं, मशीनने ओळखलं नव्हतं, आणि पोरासोरांनी हसायला लावलं होतं. या माणसाने मला पहिल्या वाक्यात साहेब म्हटलं. मी लगेच नाही म्हणालो नाही. रामराव पुढे म्हणाले, "आमच्या वावरात बसवा सायेब टॉवर. महिन्याला भाडं मिळतंय म्हणत्यात. बसंल का?"

आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू."

आमच्या खात्यात 'बघू' या शब्दाचा अर्थ अगदी पक्का आहे. ज्याला 'बघू' म्हटलं त्याने परत यायचं नसतं. ज्या फाइलीवर 'बघू' झालं ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाते. रामरावांच्या वावरात मात्र 'बघू' म्हणजे मंजूर. ते गेले आणि त्यांच्या कारभारीण नंदाबाई धपाटे, दही आणि ठेचा घेऊन आल्या. "खावा सायेब, बाईंना बी द्या. मोजणीचं काम लई भुकेचं असतंय."

ताट संपायच्या आत मागच्या वावराचे मालक बद्रीनाथ आले. ते रामरावांचेच चुलतभाऊ, पण दोघांत बांधावरून बोलणं बंद होतं. त्यांनी रामरावांकडे न बघता मला सांगितलं, "सायेब, मागची चाकं माझ्या वावरात हायेत. भाडं मला लागू होतं."

"बघू," मी म्हणालो. तोंडात धपाटा होता, दुसरं काही सुचलं नाही.

शरयूने मला आत बोलावलं. "खरं सांगून टाका. आत्ताच्या आत्ता." मी हात पुसले, बाहेर आलो आणि स्पष्ट सांगितलं की मी टॉवर कंपनीचा माणूस नाही, मी निवृत्त कारकून आहे आणि आम्ही या गाडीत राहतो. रामराव नुसते हसले. "बराबर हाय सायेब. वरून आर्डर येऊस्तोवर तोंड उघडायचं न्हाई, आमाला बी कळतंय. आन् घरदार असल्यावर गाडीत कामून कोण राहील?" बद्रीनाथांनी मान हलवली. त्या दोघांचं बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं असावं.

शनिवारी सकाळी जाग आली ती माणसांच्या आवाजाने. पडदा बाजूला केला तर गाडीभोवती गाव. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. टॉवरचे साहेब आलेत म्हणजे रेंज वाढणारच, हा तर्क होता, आणि जो तो ती वाढलेली रेंज वापरून बघत होता. कोणी पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावून आमची गाडी दाखवत होतं. "हे बघ, हा पाइप. आरं वाढून राह्यली रेंज, तुझं तोंड बराबर दिसतंय." मी ॲपवर मोजलं. रेंज होती, वेग नव्हता. एकाच विहिरीवर शंभर पोहरे पडले होते.

तास सुरू झाला. शरयू इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर मुलं आली, कोपऱ्यात यशश्री मॅडम आल्या. "नमस्कार मुलांनो, आज आपण कापूस या विषयावर..." आणि चित्र गोठलं. मुलांची तोंडं उघडी राहिली ती तशीच. परत आलं, परत गोठलं. शरयूने माझ्याकडे बघितलं. मग पदराने लॅपटॉपचा पडदा दोनदा पुसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि मला माझाच राग आला.

मी दार उघडून पायरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती करण्यात येते की, आपापले भ्रमणध्वनी तात्काळ बंद करण्यात यावेत." कोणी ढुंकूनही बघितलं नाही. दोघांनी तर माझाच व्हिडिओ काढायला घेतला. मी परत सांगितलं, बायकोचा तास आहे. कोणाला काही कळलं नाही. मग जे खरं होतं ते तसंच बाहेर पडलं. "अहो, बाईंची परीक्षा चालू आहे. नापास झाली तर तिची नोकरी जाईल."

परीक्षा म्हटल्याबरोबर सगळा गलका थांबला. आमच्याकडे दर घरातून कोणी ना कोणी कुठल्या ना कुठल्या परीक्षेला बसलेलं असतं, पोलीस भरती म्हणा, तलाठी म्हणा. त्यामुळे या एका शब्दापुढे गावातल्या सगळ्या भानगडी बाजूला राहतात. नंदाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "आदी सांगायचं न्हाई का सायेब? ए, बंद करा रे समदे मोबाईल. हिकडं आना." त्यांनी घमेलं फिरवलं आणि त्यात मोबाईल पडायला लागले. रामरावांनी दोन माणसं रस्त्यावर उभी केली. "पथक आलं तर शिटी मारा." बद्रीनाथ मागच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

घमेलं भरलं. तरी आत चित्र अडखळतच होतं. मी पुन्हा ॲप उघडून बघितलं, वेग मोजायला टाकला. नंदाबाई घमेलं घेऊन माझ्यासमोर आल्या.

"सायेब, तुमचा?"

"मी मोजतोय," मी म्हणालो.

"कुणाच्या नेटावर?"

मी हातातल्या मोबाईलकडे बघितलं. शरयूचा लॅपटॉप ज्या दोन सिमच्या यंत्रावर चालत होता, त्यालाच तो जोडलेला होता. वेग मोजायचा म्हणजे त्या यंत्रातून जेवढं नेट ओढता येईल तेवढं ओढून बघायचं. आठवडाभर तिचा डेटा सकाळच्या चहापर्यंत कोण संपवत होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते कळल्याचं मी अजून तिला सांगितलेलं नाही. मी मोबाईल घमेल्यात ठेवला. आतून शरयूचा आवाज आला, स्वच्छ, न तुटता. "तर मुलांनो, कापसाच्या झाडाला आधी फूल येतं आणि मग बोंड. आता सांगा, फुलाच्या आधी काय येतं?"

मस्कतची स्वरा नावाची मुलगी म्हणाली, "कळी."

"शाब्बास स्वरा."

"कळी न्हाई बाई," मागच्या खिडकीतून बद्रीनाथांनी हळूच सांगितलं. त्यांचं हळूच म्हणजे राजूरपर्यंत. "पातं. पातं लिवा."

पुढच्या खिडकीत रामराव. "हौ, पातं. आदी पातं, मंग फूल, मंग बोंड. जल्दी लिवा बाई, पथक न्हाई अजून."

मी कपाळावर हात मारला. परीक्षेला बसलेल्या बाईला गाव कॉपी पुरवत होतं. पडद्यावर यशश्री मॅडमच्या भुवया वर गेल्या. "शरयूताई, बाहेरून कोणी उत्तरं सांगतंय का? आणि पातं विळीला असतं ना?"

मला वाटलं, संपलं. गाडीही गेली आणि नोकरीही. पण शरयू उठली, लॅपटॉप दोन्ही हातांत धरला आणि सरळ दारात आली. "मॅडम, खरं सांगते. ही इथली शेतकरी माणसं आहेत. माझी परीक्षा आहे असं त्यांना कळलं, म्हणून मदत करतायत. आणि ते सांगतायत तेच बरोबर आहे. मला पुस्तकातला शब्द माहीत होता, त्यांना झाडाचा माहीत आहे. मुलांनो, हे रामरावकाका. काका, दाखवा यांना पातं."

रामरावांनी उपरणं झटकून पुन्हा बांधलं आणि कपाशीचं झाड वाकवलं. नंदाबाईंना मात्र राहवलं नाही, त्या पुढे झाल्या. "हे बगा लेकराहो, हे पातं. हे आजचं फूल, पिवळं. आन् हे कालचं, गुलाबी झालेलं."

"एकाच झाडाला दोन रंगांची फुलं?" स्वरा पडद्याला नाक लावून बघत होती.

"फूल एकच, बाय. आज पिवळं, उद्या ते गुलाबी हुतं. मंग गळतं आन् बोंड धरतं."

दुबईचा अद्वैत म्हणाला, "आजी, हे पिवळं उद्या गुलाबी झालेलं दाखवाल?"

"दाखविते की."

"आणि कापूस कधी दिसेल?"

"बोंड फुटल्यावर. दिवाळीच्या आगंमागं."

मग मुलांनी काय काय विचारलं, कोण कोण पुढे आलं, बद्रीनाथांनी त्यांच्या वावरातलं झाड जास्त उंच आहे हे कसं सिद्ध केलं, याची नोंद कोणी ठेवली नाही. तासाची वेळ संपून गेली तरी कोणी उठेना. नेट एकदाही तुटलं नाही. मुलं गेल्यावर यशश्री मॅडम मागे थांबल्या. शरयू आत गेली आणि दार ओढून घेतलं. मी बाहेर घमेल्याशेजारी उभा राहिलो. सगळं गाव दाराकडे बघत होतं.

दार उघडलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती. "पास," ती नंदाबाईंना म्हणाली. "कायम झाले मी." नंदाबाईंनी दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून फिरवून बोटं मोडली. मला इतका आनंद झाला की मी बद्रीनाथांशी हात मिळवला, का ते विचारू नका.

मग शरयूने मला बाजूला घेतलं. "अहो, मॅडमची एक अट आहे. मुलांना दर तासाला हेच झाड दाखवायचं, कापूस फुटेपर्यंत. जागा बदलायची नाही म्हणाल्या." तिने उघड्या दारातून आतल्या नकाशाकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "मी अजून हो म्हटलेलं नाही. यांना विचारून सांगते म्हटलं. तुम्हाला फिरायचं होतं ना."

एवढं मिळवून ही बाई अजून मलाच विचारून सांगणार होती. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तसलं बोलायची मला सवय नाही. म्हणून मी वळलो आणि रामरावांना हाक मारली.

"रामराव, चाकांना लावायला चार विटा मिळतील का?"

"चार कामून," बद्रीनाथ म्हणाले. "दोन माझ्या लावा. मागची चाकं माझ्या वावरात हायेत."